एका खेळाचीं दोन खिलपर्वें

नवी कथा रचणें आणि आधीं रचलेली कथा पुढें वाढविणें, या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. पहिलीला प्रतिभा पुरते. दुसरीला प्रतिभेबरोबर चांगली स्मरणशक्ति लागते, संयम लागतो, आणि पूर्वीं लिहून ठेविलेल्या शब्दाची थोडी भीडहि लागते. महाभारताला हरिवंश जोडला गेला, त्याला आपल्या पूर्वजांनीं 'खिल' हें नांव दिलें. खिल म्हणजे मागाहून जोडलेला भाग. तो ठिगळासारखा दिसूं नये, मूळ वस्त्राच्या विणींत मिसळून जावा, एवढीच वाचकाची अपेक्षा असते. भवभूतीनें रामकथेचा उत्तरभाग नाटकासाठीं घेतला, तेव्हां भूमींत गुप्त झालेल्या सीतेला परत आणून रामाच्या स्वाधीन करण्याचें धाडस त्यानें केलें, आणि रसिकांनीं तें मान्य केलें. कथा वाढविणाराला इतकी मोकळीक असते. मात्र ती त्याला रसाच्या बळावर मिळवावी लागते.

हें सारें आठवण्याचें कारण वाचकांस थोडें विचित्र वाटेल. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका जपानी खेळाच्या दोन पुरवण्यांविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे.

टोकिओच्या स्क्वेअर एनिक्स या कंपनीचा 'फायनल फँटसी फोर्टीन' हा तो खेळ. प्रथम तो २०१० सालीं निघाला आणि साफ फसला. तेव्हां कंपनीनें नाओकी योशिदा नांवाच्या गृहस्थांच्या हातीं सूत्रें दिलीं. त्यांनीं त्या खेळांतील जगावर आकाशांतून एक कृत्रिम चंद्र कोसळविला, २०१२ सालीं तें जग कथेंतच उद्ध्वस्त केलें, आणि २०१३ सालीं त्याचाच जीर्णोद्धार करून खेळ पुन्हा सुरू केला. स्वतःचें अपयश कथेंत ओवून घेण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली. पुढें दर दोन-अडीच वर्षांनीं या कथेला एक नवी पुरवणी जोडली जाऊं लागली. मुलें तिला 'एक्स्पान्शन' म्हणतात. २०१५, २०१७, २०१९, २०२१ आणि २०२४ अशा पांच पुरवण्या निघाल्या. त्यांपैकीं २०१९ च्या जुलै महिन्यांत आलेली 'शॅडोब्रिंगर्स' आणि २०२१ च्या डिसेंबरांत आलेली 'एंडवॉकर' या दोहोंची तुलना आम्ही करणार आहों. दोहोंच्या कथेची मुख्य लेखिका एकच, नात्सुको इशिकावा. म्हणूनच तुलनेला गोडी आहे.

ज्यांच्या घरीं हा प्रकार अद्याप शिरला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. खेळणारा आपल्यासाठीं एक पात्र घडवितो, त्याला नांव व रूप देतो, आणि त्या कल्पित जगांत सोडतो. जगभरचे हजारों लोक त्याच वेळीं त्याच नगरांत हिंडत असतात. एकमेकांशीं बोलतात, मिळून लढतात. कथा मात्र प्रत्येकाला स्वतंत्रपणें भेटते, आणि प्रत्येकाच्या कथेंत नायक तो स्वतःच. कीर्तनाला हजार श्रोते बसले तरी बुवांचें आख्यान एकच चालतें. येथेंहि आख्यान एकच. परंतु श्रोत्यांपैकीं प्रत्येक जण उठून स्वतः अभिमन्यु होतो आणि चक्रव्यूहांत शिरतो. हा फरक लहान नाहीं. अभिमन्यूची कथा ऐकतांना आपण हळहळतों. स्वतः व्यूहांत उभे असतां हळहळण्यास सवड नसते, आणि मागाहून जें वाटतें त्याला निराळेंच वजन येतें.

आमच्या कोल्हापुरांत आज अनेक घरीं या खेळांवरून कुरबूर चालते. वडील माणसें म्हणतात, पोर दिवेलागणीपासून त्या पडद्यापुढें बसलें आहे. पोर म्हणतें, तुम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं. वेळेचा प्रश्न निराळा आहे. अभ्यास आणि जेवणाचें ताट यांच्या आड येणारी कोणतीहि गोष्ट, मग ती कादंबरी कां असेना, बाजूला ठेवावी, या मताचे आम्हीहि आहों. परंतु पोराचें म्हणणें तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. नाटकाविषयीं आणि पुढें कादंबरीविषयींहि आपल्या घरांत एके काळीं असेंच बोललें जाई, आणि बोलणारांपैकीं बहुतेकांनीं नाटक पाहिलेलें नसे. आमच्या पुतण्याच्या मुलीनें २०२० च्या टाळेबंदींत हा खेळ सुरू केला. झालेला कथाभाग पुन्हा पाहण्याची सोय त्यांत आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यांत आम्ही तिच्या शेजारीं खुर्ची टाकून बसलों आणि दोन्ही पुरवण्यांची कथा खालच्या इंग्रजी ओळी वाचीत पाहिली. अडलें तेथें तिनें सांगितलें. निर्णय आधींच सांगून टाकतों: काव्य म्हणून पहिली पुरवणी श्रेष्ठ आहे. परंतु २०१९ ते २०२१ हीं तीन वर्षें ज्या घरानें कोल्हापुरांत काढलीं, त्या घरानें दुसरी पाहिल्यावांचून राहूं नये.

पहिलीची कल्पनाच विलक्षण आहे. आपण काळोखांतून प्रकाशाकडे जाण्याची प्रार्थना करणारे लोक. किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याचा किरण अंबाबाईच्या चरणांशीं पोंचतो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आमचें गांव श्वास रोखून उभें असतें. 'शॅडोब्रिंगर्स'मध्यें संकट येतें तें प्रकाशाचें. नायक आपल्या जगाच्या एका प्रतिबिंब-जगांत जातो. तेथें शंभर वर्षांपूर्वीं प्रकाशाचा महापूर येऊन बहुतेक पृथ्वी गिळली गेली आहे. उरलेल्या तुकड्यावर रात्रच होत नाहीं. आकाश सदैव पांढरें, आणि त्यांतून पांढरींशुभ्र, पंखवालीं भूतें उतरून माणसें खातात. ज्याला त्यांचा संसर्ग होतो तो हळूहळू त्यांच्यासारखाच होतो. नायकानें तेथें अंधार परत आणावयाचा आहे. चांगलें तेंहि प्रमाणाबाहेर गेलें म्हणजे मारक ठरतें, हें वैद्य आणि नीतिकार सांगत आलेच आहेत. परंतु तें एका अख्ख्या भूगोलांत भरून दाखविणें हें कवीचें काम.

आरंभींच एक आश्रम येतो. संसर्ग झालेलीं, बरीं होण्याची आशा नसलेलीं माणसें तेथें शेवटच्या दिवसांची वाट पाहत पडून असतात. टेस्लीन नांवाची एक तरुणी त्यांची शुश्रूषा करते, आणि प्रत्येकाला कोणता पदार्थ आवडतो तें विचारून ठेविते, कारण शेवटचें जेवण आवडीचें असावें. एक आजारी मुलगा वाळवंटांत भटकत जातो. त्याला वाचवावयास धांवलेली टेस्लीन स्वतःच भूताच्या भाल्यानें विद्ध होते आणि आपल्या डोळ्यांदेखत त्यांच्यांतली एक होऊन उडून जाते. थोड्याच वेळानें नायकाला तिच्याशीं लढावें लागतें. पुतणीची सासू त्या दिवशीं आमच्याकडे मुक्कामाला होती, ती स्वयंपाकघरांतून हात पुसत आली, उभ्याउभ्यानें पाहूं लागली, आणि "त्या पोरीचें पुढें काय झालें हो?" असें दुसऱ्या दिवशींहि विचारीत होती. कथा कशी ओळखावी याची आमची कसोटी एवढीच आहे.

मग पहिला मोठा शत्रु पडतो आणि त्या एका प्रांतावर शंभर वर्षांनीं रात्र होते. लोक घराबाहेर येऊन वर पाहत राहतात. ज्यांनीं जन्मांत तारा पाहिला नाहीं ते तारे पाहतात. येथें लेखिकेनें भाषण घातलेलें नाहीं, हें तिच्या विवेकाचें लक्षण.

या कथेंत एक बुरखा घेतलेला राजपुरुष आहे. त्यानेंच नायकाला या जगांत बोलाविलें. तो स्वतःविषयीं कांहीं सांगत नाहीं, सारखा टाळाटाळ करतो, आणि आपण ओळखले जाणार नाहीं याची काळजी घेतो. पुढें उलगडतें कीं, हा ग्राहा टिया, नायकाचा जुना मित्र. ज्या भविष्यकाळांत नायक मरून गेला आणि जग मोडलें, तेथून तो आला आहे. त्या मोडक्या काळांतल्या माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या खपून त्याला भूतकाळांत पाठविण्याची विद्या शोधली. स्वतःचें कांहीं सुधारणार नाहीं हें ठाऊक असूनहि शोधली. शाकुंतलांत अंगठीमुळें ओळख पटते. येथें ओळखीची खूण म्हणजे हांक: नांवानें हांक मारली म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या त्या मित्राला रडूं कोसळतें. "आजोबा, तुम्ही आतां उठूं नका," असें नातीनें त्या वेळीं आम्हांस बजाविलें, तें योग्यच होतें.

परंतु या पुरवणीचें खरें सामर्थ्य तिच्या प्रतिनायकांत आहे. एमेट-सेल्क हें त्याचें नांव. आळसावलेला, पोक काढून चालणारा, विनोदी, कधीं कधीं नायकाच्या मंडळींतच येऊन बसणारा. त्याचें म्हणणें असें: पूर्वीं जग एक होतें, माणसें दीर्घायुषी आणि पूर्ण होतीं. त्या जगाचे चौदा तुकडे झाले; तुम्ही सर्व त्या तुकड्यांतले अर्धेमुर्धे जीव आहांत. तुम्हांला मीं जिवंत मानीत नाहीं, म्हणून तुम्हांला मारणें हा माझ्या मतें वध नव्हे. हे तुकडे पुन्हा सांधले, म्हणजे माझीं माणसें मला परत मिळतील. शत्रूचें तत्त्वज्ञान इतकें स्पष्ट सांगणारी कथा विरळा. परंतु लेखिका तेवढ्यावर थांबत नाहीं. ती आपणांस त्याच्या घरीं नेते.

समुद्राच्या तळाशीं त्यानें आपलें बुडालेलें नगर, अमॉरोट, केवळ स्मरणशक्तीनें पुन्हा उभें केलें आहे. नांव थॉमस मूरच्या १५१६ सालच्या 'युटोपिया' या ग्रंथांतून घेतलें आहे. त्या आदर्श राज्याची राजधानी तीच. आकाशाला भिडणारे मनोरे, मंद दिवे, आणि झगे घातलेले उंच उंच नागरिक. सगळे छायारूप, सगळे केव्हांच मेलेले. ते नायकाकडे वांकून पाहतात आणि लहान मूल समजून प्रेमानें बोलतात. कोणी कचेरींत अर्ज घेऊन आलेला, कोणी वादविवादांत रंगलेला. प्रलय उद्यांवर आला आहे हें त्यांना ठाऊक नाहीं, कारण एमेट-सेल्कनें तो आदला दिवस जसाच्या तसा थांबवून ठेविला आहे. एकाच छायेला, हिथ्लोडेअस तिचें नांव, आपण छाया आहों हें कळलेलें आहे, आणि तें ती थट्टेच्या सुरांत सांगते. आपल्या मित्राच्या आठवणींत आपण इतके स्वच्छ उतरलों कीं आपणांस स्वतःचें भान आलें, असा तिचा तर्क.

ज्याचें घर गेलें आहे त्याला हें नगर पाहतांना काय वाटेल? दारावरची पाटी, ओट्यावरचा तांब्या, वडिलांच्या खोकल्याचा आवाज, हें सर्व एखाद्यानें जसेंच्या तसें मांडून ठेवावें, आणि हात लावूं गेल्यास तेथें कांहीं नसावें. पुढें कळतें कीं, संकट टाळण्यासाठीं त्या लोकांतील अर्ध्यांनीं स्वखुशीनें प्राण दिले, आणि नंतर उजाड पृथ्वी पुन्हा जिवंत करण्यासाठीं उरलेल्यांतील अर्ध्यांनीं. असें मोल देऊन मिळविलेलें जग तुकडे तुकडे झालेलें पाहून हा पुरुष हजारों वर्षें एकटा जागा राहिला. त्याचा मार्ग घोर अन्यायाचा आहे, आणि नायकाला त्याला मारावेंच लागतें. परंतु मारतांना हात जड होतो. जातां जातां तो मागतो तें फक्त एवढेंच, कीं आम्ही एके काळीं होतों हें विसरूं नका. या ठिकाणीं आम्हांस भारवि, माघ कोणी आठवले नाहींत, स्त्रीपर्व आठवलें. शत्रूच्या घरच्या शोकाला आपल्या शोकाइतकीच जागा व्यासांनीं दिली, ती देण्याचें धैर्य पुढच्या कवींना क्वचित् झालें.

आतां दुसरी पुरवणी. तिच्याकडे वळतांना आम्ही थोडे पक्षपाती आहों, हें वाचकांस सांगून ठेवितों. कारण तिच्या मध्यावर आम्हांस अनपेक्षितपणें संस्कृत भेटलें.

'एंडवॉकर'मध्यें थावनैर नांवाचें एक बेट आहे. त्याचे रंग, कमानी, बाजार, मसाल्यांचीं पोतीं पाहून तें कोणत्या देशावरून घेतलें हें सांगावें लागत नाहीं. तेथें हत्तीच्या मस्तकाची एक जात राहते, तिचें नांव मातंग. आणि ते स्वतःला म्हणवितात अर्कसोदर. हा शब्द ऐकून आम्ही खुर्चीवरून उठलोंच. अर्कसोदर, म्हणजे सूर्याचा भाऊ, हें कोशांत ऐरावताचें नांव आहे. संस्कृत शिकलेल्या चारचौघांनाहि तें चटकन् सांगतां येणार नाहीं. खेड्याच्या नांवांत 'पालक', अरण्याच्या नांवांत 'वनस्पति', एका मातंगाचें नांव 'मत्स्य'. आणि या बेटाचा रक्षक एक प्रचंड सर्पाकृति दैत्य: वृत्र. वेदांत पाणी अडवून बसणारा, इंद्राच्या वज्रानें मरणारा तो वृत्र येथें प्रजेचा पालनकर्ता आहे. शास्त्रीबुवांनीं रागावूं नये. भागवताच्या सहाव्या स्कंधांत वृत्र परम भक्त म्हणून येतोच. आपल्याकडे जें घडलें तें जपानी लेखकांनीं आपल्या परीनें पुन्हा केलें. (२०१७ च्या पुरवणींत नायकाला 'लक्ष्मी'शीं युद्ध करावें लागतें, हें मात्र आमच्या थोरल्या वहिनींना मुळींच रुचलें नाहीं. अंबाबाईच्या गांवांत राहून तें रुचावें तरी कसें.)

वृत्र प्रजेला दिसत नाहीं. आपलें रूप पाहून लोक भितील म्हणून तो एका मुलाच्या आकाराच्या बाहुल्यामार्फत बोलतो, वावरतो. हें गुपित थोड्यांनाच ठाऊक आहे. अशा त्या बेटावर एके दिवशीं आकाश पेटतें. या प्रलयाचा नियम भयंकर आहे: जो घाबरून धीर सोडील तोच तत्काळ हिंस्र पशु होईल, आणि जवळच्यांना फाडील, त्यांना पाहून आणखी घाबरतील, ते पशु होतील. भीतीचा संसर्ग. आई मुलाला पाहून, मुलगा आईला पाहून. मत्स्य नांवाचा तो मातंग एक तान्हें मूल छातीशीं धरून वाट काढतो. त्याला धांवावयाचें आहे, आणि घाबरावयाचें नाहीं. कारण तो घाबरला तर हातांतल्या मुलाचा काळ तोच होईल. पावलोपावलीं तो मनाला आवरतो. शेवटीं वृत्र आपलें खरें रूप प्रकट करून प्रजेच्या डोक्यावर पंख पसरतो. ज्यांना तो इतकीं वर्षें आपल्या रूपापासून जपत होता, त्या लोकांना त्या रूपाचेंच अभय वाटतें.

हा भाग आम्ही बोलल्यावांचून पाहिला. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेनें धोक्याची ४३ फुटांची खूण मागें टाकली, शिरोलीजवळ पुणें-बंगळूर रस्ता बंद पडला, आणि चोहोंकडे पाणी असतां नळाला पाणी नव्हतें. दोन वर्षांनीं, २०२१ च्या जुलैमध्यें, पुन्हा तेंच झालें. या दोहोंच्या मध्यें साथ आली. त्या दिवसांत रोगाइतकीच बातमी मारीत होती, हें ज्यानें ज्यानें पाहिलें त्याला थावनैरचा नियम समजावून द्यावा लागत नाहीं. खेळ करणाऱ्यांनाहि तो समजलेला होता. त्यांचे संगीतकार मासायोशी सोकेन २०२० सालीं कर्करोगावर उपचार घेत होते आणि त्याच काळांत काम करीत होते. ही गोष्ट त्यांनीं २०२१ च्या मे महिन्यांत सर्वांसमोर सांगितली. आमच्या नातीनें ती आम्हांस दाखविली तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, या पुरवणीचा विषय निराशा कां आहे.

येथपर्यंत कोणतीच तक्रार नाहीं. तक्रार सुरू होते ती पुढें. प्रलयाचें कारण काय, हें शोधण्यासाठीं नायक फार प्राचीन काळांत जातो. तेथें एमेट-सेल्क पुन्हा भेटतो, तरुण, अजून कोणतेंच पाप न केलेला. ही भेट सुंदर आहे. त्या काळांत हर्मीस नांवाच्या एका विद्वानानें मेटिऑन नांवाची एक पक्षिणीसारखी कन्या निर्माण केली आहे, आणि तिच्या भगिनींना तारकांकडे पाठविलें आहे. त्यांनीं प्रत्येक ताऱ्यावरच्या लोकांना विचारावयाचें, तुम्ही कशासाठीं जगतां? उत्तरें येतात तीं सर्व एकाच सुरांत. कोणी युद्धानें संपले, कोणी रोगानें. कोणी सर्व सुखें मिळवून, करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणून. तें सर्व दुःख एकट्या मेटिऑनच्या कोवळ्या मनांत साठतें, आणि तीच प्रलयाचें मूळ होते.

प्रश्न थोर आहे. परंतु अमॉरोटच्या नाशाला एक कारण सांपडलें, तें कारण एका पांखरांत मावलें, आणि आमच्या मतें पहिल्या पुरवणीचा करुण रस येथें पातळ झाला. एमेट-सेल्कचें दुःख ज्यामुळें अथांग वाटत होतें तें म्हणजे त्याला तळ नव्हता. येथें दोरी सोडून तळ मोजला गेला. शिवाय हें सर्व समजावून देण्यांत फार बोलणें खर्ची पडतें. मध्यंतरीं नायक चंद्रावरहि जातो, आणि तेथें सशांची वस्ती भेटते. शशांक हें चंद्राचें नांव जपान्यांनाहि पटावें याचा आम्हांस आनंद झाला, ससेहि गमतीचे आहेत; परंतु प्रलयाच्या दारांत इतका वेळ गाजरांत घालविणें औचित्याला सोडून आहे. क्षेमेंद्रानें येथें लाल शाई वापरली असती.

शेवटीं विश्वाच्या कडेला, मेलेल्या ताऱ्यांच्या आठवणींनीं बनलेल्या प्रदेशांत, नायक आणि त्याचे सोबती पोंचतात. पुढें वाट व्हावी म्हणून सोबती एकेक करून स्वतःला अर्पण करतात. पहिल्याच्या अर्पणानें तेथें श्वास घेण्याजोगी हवा होते, दुसरा, तिसरा, शेवटीं आल्फिनो आणि आलिसे हीं जुळीं भावंडें. नायक एकटा वर चढत राहतो. महाप्रस्थानिक पर्व डोळ्यांपुढें उभें राहिलें. द्रौपदी पडते, सहदेव पडतो, आणि धर्मराज मागें वळून पाहत नाहीं. आमचा घसा दाटून आला होता. आणि इतक्यांत सगळे सोबती परत येतात, धडधाकट!

यावर घरांत वाद झाला. आम्ही म्हणालों, हिमालयाच्या वाटेवर पडलेला भीम उठून बसत नाहीं. नात म्हणाली, "पण आजोबा, यक्षाच्या तळ्याकांठीं चौघेहि भाऊ उठून बसलेच कीं! तुम्हींच मला ती गोष्ट सांगितलीत." मुद्दा तिनें नेमका काढला. मात्र त्या तळ्याकांठीं युधिष्ठिराला एकच भाऊ मागण्याची मुभा होती, आणि त्यानें भीमार्जुन सोडून नकुल मागितला, माद्रीचा एक तरी मुलगा उरावा म्हणून. त्या एका निवडीनें त्यानें चौघांना मिळविलें. येथें नायकाला तशी निवड करावी लागत नाहीं. वर मिळतो, मोल दिलें जात नाहीं. मेटिऑनच्या प्रश्नाला तर यक्षप्रश्नांचा वंश आहे. यक्षानेंहि शेवटीं मनुष्याच्या मर्त्यपणाविषयींच विचारलें होतें; आणि विचारलें तें चार प्रेतांपुढें उभ्या असलेल्या, तहानेनें व्याकुळ झालेल्या माणसाला. म्हणून त्या उत्तरांना वजन आलें. नात गप्प बसली, पण तिला तें पटलें असें तिच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटलें नाहीं.

आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत रामायणाचा प्रधान रस करुण आणि महाभारताचा शांत, असा निवाडा दिला आहे. त्याच मापानें पाहतां 'शॅडोब्रिंगर्स' ही करुणाची कथा. ती एका बैठकींत उभी राहते, तिचा एक धागा ओढला तर सर्व वस्त्र हलतें. 'एंडवॉकर'ची धांव शांताकडे आहे. सर्व संपणार, हें पूर्णपणें मान्य करून पुढें काय, असें ती विचारते. शांत रस हा सिद्ध करावयास सर्वांत कठीण, म्हणून तिचे ठिगळ दिसतात. परंतु त्या ठिगळांमध्येंच थावनैरचा तो एक प्रहर आहे, आणि तसा प्रहर पहिलींत नाहीं.

दुसऱ्या पुरवणीच्या मुख्य कथेनंतर आलेल्या दोन लहान उपकथा मोठीं माणसें सहसा पाहत नाहींत, कारण त्यांत युद्ध थोडें आहे. एकींत, विश्वाच्या त्या कडेला, जिंकण्यासारखें कांहीं न उरलेलीं यंत्रें एक उपाहारगृह काढतात आणि मेलेल्या ताऱ्यांच्या छायांना काय खावेंसें वाटतें तें विचारीत बसतात. दुसरी थावनैरची. आकाश शांत झाल्यावर अर्कसोदर लोक पाणघोडे जुंपलेल्या गाड्यांचा धंदा सुरू करतात. प्रवाशांना बेट फिरवून आणावयाचें, चार पैसे मिळवावयाचे. आरंभीं गिऱ्हाईक मिळत नाहीं, गाडीचा रंग कोणता द्यावा यावर खल होतो. दररोज थोडी थोडी कामें करून ही गोष्ट पुढें सरकते. नातीची ती केव्हांच संपली आहे, तरी ती अजून अधूनमधून तिकडे फेरी मारते. परवां आम्हीं पाहिलें तेव्हां रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती, आणि पाणघोडा चिखलांत बसून होता.